खडपातली वाट

११ फेब्रुवारी

पेनिएली,

हे पत्र मी वडीलधाऱ्यांच्या सभेच्या सांगण्यावरून लिहितो आहे, तेव्हा आधी त्यांचं म्हणणं उरकतो.

काल मानेआपात, गावाच्या मोठ्या सभाघरात, सभा बसली. ठरलं ते असं की आपल्या बेटाच्या दोन्ही सभासदांनी संसदेत एकाच बाजूला बसावं. सामासोनी विरोधी बाकांवर आहे, तू सरकारात मंत्री आहेस. पुढच्या महिन्यात अविश्वास ठराव येणार आहे. त्याच्या आधी तू मंत्रिपद सोडावंस आणि सामासोनीच्या शेजारी जाऊन बसावंस. तुझं एक मत तिकडे गेलं की सरकार पडतं, हे आता इथल्या पोराबाळांनाही पाठ झालं आहे. नवे पंतप्रधान आले की पहिल्याच वर्षी बेटाला वेढणाऱ्या आपल्या खडपात सुरुंग लावून होड्यांसाठी वाट फोडून देणार. तसा शब्द त्यांनी आलिकी फाकावाएंना दिला आहे.

बेटाचे प्रमुख म्हणून आलिकी मला म्हणाले, "उआले, बाप म्हणून तू लिही. आमचं तो ऐकायचा नाही."

मी म्हटलं, "माझं तरी कुठं ऐकतो?"

सगळे हसले. बरं वाटलं, कारण त्याआधी कुणीच हसलं नव्हतं.

इथवर सभेचं. आता माझं.

निवडणुकीत मी दुसऱ्याला शब्द दिला होता आणि मत त्यालाच दिलं, हे तू अजून मनातून काढलेलं नाहीस. मी ते तेव्हाही लपवलं नव्हतं. तरी तू निवडून आलास, मंत्री झालास, आणि दोन नाताळ गेले तरी घरी पत्र नाही. आईला कचेरीतल्या रेडिओ-फोनवर बोलावतोस. तिथं रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून ती नुसतं हो-नाही म्हणते. तिचं मन त्यातून तुला काय कळणार?

काल लालोनिउ बोलला. नाताळाआधी त्याची बायको खडपावर बुडून गेली ते तुला कळलं असेलच. बोटीवरून तांदळाची पोती घेऊन येत होते, मागून लाट आली, होडी आडवी झाली. सगळं बेट किनाऱ्यावर उभं होतं. लालोनिउ एवढंच म्हणाला, "माझं काही मागणं नाही. फक्त पेनिएलीला विचारा, बांधकाम मंत्री तो आहे ना?" आणि खाली बसला.

तुझ्याकडे उत्तर असेल तर लिही.

आई बरी आहे. पुलाकाचे कंद काढायला खड्ड्यात उतरताना पायाला काहीतरी लागलंय, जरा लंगडते.

बाबा

४ मार्च

पेनिएली,

तुझं उत्तर आलिकींनी उभं राहून मानेआपात मोठ्याने वाचलं. तू ते माझ्या नावावर न पाठवता सभेच्या नावावर पाठवलंस, ते योग्यच केलंस. पण वाचताना आलिकींचा आवाज कसा होत गेला ते तुला इथून सांगता येणार नाही.

तू लिहिलंस की वाटांची यादी केलेली आहे, आपलं बेट तिसरं आहे, आणि पहिल्या दोन बेटांवर आपल्यापेक्षा जास्त माणसं बुडालेली आहेत. मंत्री म्हणून ती यादी तूच केलीस, आता तूच ती उलटी केलीस तर त्या बेटांना काय तोंड दाखवणार, असंही लिहिलंस. मला ते पटलं. पण लालोनिउ तिथं मांडी घालून बसला होता, आणि "जास्त माणसं" हे शब्द वाचले गेले तेव्हा त्याने मान वर केली. तेवढं वाक्य तू वेगळं लिहायला हवं होतंस.

मग आरडाओरडा झाला. सामासोनीचा भाऊ म्हणाला, "तुम्हीच हुकूम द्या ना त्याला! बाप आहात की पाहुणे?"

मी उठलो. म्हटलं, "त्याला मी निवडून दिलेलं नाही. तुम्ही दिलंत. ज्याला मी मतच दिलं नाही त्याला कोणत्या तोंडानं हुकूम देऊ?"

या वेळी कुणी हसलं नाही. आलिकींनी विचारलं, "म्हणजे तू सभेच्या विरुद्ध?"

"मी कुणाच्याच विरुद्ध नाही, आलिकी. मी फक्त लिहिणार नाही."

आपल्याकडे अशा वेळी काय होतं ते तुला माहीत आहे. तेच झालं. मानेआपातल्या खांबापाशी बसायची माझी मानाची जागा काढून घेतली. आमच्याशी कुणी बोलायचं नाही, मासळीचा वाटा द्यायचा नाही, आमच्या घरात जेवायचं नाही, आमच्याबरोबर होडीत बसायचं नाही. तू झुकेपर्यंत.

काळजी करू नकोस. आम्ही मजेत आहोत. माडाला माडी येते, नीरफणस पिकलेत, सेपोला रोज येते. मुलगी असली तरी ती परक्या बेटावरच्या माणसाची बायको, म्हणून तिला मनाई लागू नाही असं तिने स्वतःच ठरवून टाकलंय. तिचा नवरा गळ टाकून काही ना काही आणतो. दुकानात गेलो की दुकानदार मीठ, साबण गुपचूप फळीवर ठेवतो आणि छताकडे बघतो. मीही छताकडे बघून पैसे ठेवतो. आई म्हणते, "दोघं मिळून छत कोसळवाल."

बाबा

१९ मार्च

पेनिएली,

बोट अजून आलेली नाही, त्यामुळे हे पत्र कधी निघेल ते माहीत नाही. कदाचित म्हणूनच लिहायला धीर आला.

आईच्या पायाचं मी तुला नीट सांगितलेलं नाही. तिला साखरेचा आजार आहे, तो तुला ठाऊक आहे. जखम भरली नाही. अंगठा काळा पडला आहे. नर्स रोज सकाळी येऊन धुते. ती दुसऱ्या बेटाची असल्यामुळे तिलाही कुणी अडवत नाही. काल तिने मला बाहेर बोलावलं.

"काका, हे इथं बरं होणारं नाही. फुनाफुटीला, राजधानीच्या इस्पितळात न्यायलाच हवं, आणि लवकर. मी आत्ता रेडिओवर तुमच्या मुलाला कळवते. तो मंत्री आहे, बोट वळवू शकतो."

"नको," मी म्हटलं.

"नको म्हणजे?"

"ठराव व्हायचाय. त्याआधी त्याला कळलं तर तो मत द्यायला उभा राहील तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पाय असेल."

नर्स आत गेली आणि तिने आईला तेच सांगितलं. मला वाटलं आई माझ्यावर चिडेल. आई चटईवर पडल्या पडल्या म्हणाली, "पोरी, माझ्यासाठी बोट वळवली तर उद्या प्रत्येक बेटावरची आजारी बाई विचारेल, मंत्र्याची आई तेवढी आई का? त्याला काय उत्तर देशील? तू कळवू नकोस."

"तुम्ही दोघं मिळून पाय घालवाल," नर्स म्हणाली आणि रागाने पिशवी उचलून निघून गेली. आज सकाळी पुन्हा आली. बोलली मात्र नाही. मी म्हटलं, "तुम्हालाही सभेची मनाई लागू झाली की काय?" तेव्हा जरा हसली आणि लगेच डोळे पुसले.

ती गेल्यावर आई मला म्हणाली, "अहो, पाय दुखतोय तो माझा. निर्णय मी घेतलाय. तुम्ही तुमच्या पत्रात मोठेपणा घेऊ नका." म्हणून हे लिहिलं.

दुपारी रेडिओवर न्यूझीलंडच्या बातम्या लागल्या होत्या, तिथल्या पक्षांची भांडणं. आई ऐकत होती. म्हणाली, "त्यांच्याकडे बरं आहे. एखादा माणूस हलला तरी पक्ष जागेवर राहतो. आपल्याकडे पक्षच नाहीत. एक माणूस खुर्चीवरून उठला की सरकारच्या सरकार पडतं, आणि त्याच्या आईबापांचं घर हलतं."

आलिकींकडे जाऊन सांगावं, होडी द्या म्हणावं, असं चारदा मनात आलं. गेलो नाही. ते म्हणाले असते, "पेनिएलीला सांग, आजच होडी देतो." आणि मग मी काय केलं असतं, याची मला खात्री नाही.

बाबा

२७ मार्च

पेनिएली,

ऐकलं.

आमच्या रेडिओच्या बॅटऱ्या मरायला आल्या होत्या, पण मानेआपात मोठा रेडिओ लावला होता. तो आवाज आमच्यापर्यंत यायचा, त्यामुळे तुझं प्रत्येक वाक्य आम्हाला दोनदा ऐकू आलं. एकदा घरात बारीक, एकदा तिकडून मोठ्याने.

सामासोनी तुझ्या आधी बोलला. चांगला बोलला, खोटं कशाला सांगू? लालोनिउच्या बायकोचं नाव घेतलं. त्याने ते नाव घेतलं तेव्हा मानेआपातून एक आवाज आला, रडण्याचा नाही, दुसराच काहीतरी. नंतर म्हणाला, "माझ्याच बेटाच्या या भावाला त्याच्या आईने उघड्या किनाऱ्यावर वाढवलं, तो आज कोणाच्या मांडीवर बसलाय?" आई म्हणाली, "माझं नाव कशाला काढतो हा मेला!"

मग तू उठलास. तू म्हणालास, "माझ्या बेटाने मला आज उलट मत द्यायला सांगितलं आहे. तो त्यांचा अधिकार आहे, आणि पुढच्या निवडणुकीत मला घरी बसवण्याचाही आहे. पण एका मताच्या बदल्यात मिळालेली वाट दुसऱ्या मताच्या बदल्यात जाईल. यादी आहे तशी राहील. तिसऱ्या क्रमांकावर आम्ही आहोत, आणि मी थांबायला तयार आहे."

आई उठून बसली होती. घाम आला होता तिला. सभापती एकेकाचं नाव पुकारायला लागले तेव्हा तिने माझं मनगट धरलं. तुझं नाव आलं. "विरोधात" म्हणालास. म्हणजे ठरावाच्या विरोधात, हे समजायला मला क्षणभर लागलं. सरकार एका मताने टिकलं.

मानेआपातला रेडिओ कुणीतरी बंद केला. इतकी शांतता झाली की खडपावरची लाट ऐकू यायला लागली.

"थांबायला तयार आहे म्हणे," आई म्हणाली. "हा तिथं थांबणार, आणि आम्ही इथं." पण मनगट सोडलं नाही तिने.

मग एक दगड आला छपरावर. एकच. कुणी मारला ते बघायला मी बाहेर गेलो नाही.

बोट सोमवारी येणार असं कचेरीवर लिहून लावलंय. ही सगळी पत्रं आईबरोबर पाठवतो आहे. तिला धक्क्यावरून सरळ इस्पितळात ने. आधी पत्रं वाचत बसू नकोस.

बाबा

६ एप्रिल

पेनिएली,

आई पोचली आणि तू धक्क्यावर होतास हे रेडिओ-फोनवर कळलं. खडपावर काय झालं ते तिने तुला तिच्या पद्धतीने सांगितलंच असेल. पण ती त्या वेळी डोळे मिटून होती, म्हणून मी सांगतो.

बोट खडपाबाहेर थांबली होती. समुद्र वाईट होता. बेटाची होडी मनाई असलेल्या घराला कुणी देणार नव्हतं, म्हणून पाळकांनी चर्चची होडी काढली. पाळक परबेटाचे, नर्स परबेटाची, सेपोलाचा नवरा परबेटाचा. आणि सेपोला. वल्ही मारायला हे चौघं, सुकाणूवर मी. पाळकांनी उभ्या जन्मात वल्हं धरलेलं नाही. मला म्हणाले, "मी फक्त प्रार्थना केली तर चालेल का?" मी म्हटलं, "दोन्ही करा. पण वल्हं सोडू नका."

आईला केतकीच्या चटईत गुंडाळून मधे ठेवलं. सगळं बेट किनाऱ्यावर जमलं होतं. आलिकी, सामासोनीचा भाऊ, सगळे. कुणी जवळ आलं नाही, कुणी गेलंही नाही.

आपल्या खडपातून बाहेर पडायचं तर लाटांच्या मधली शांत घटका गाठावी लागते, ते तुला सांगायला नको. मी वर्षानुवर्षं सुकाणू धरलंय, पण तेव्हा किनाऱ्यावरच्या उंच दगडावर एक माणूस उभा असायचा. होडीतून समोरची एकच लाट दिसते, तिच्या मागची दिसत नाही. मागचं तो बघायचा आणि ओरडून सांगायचा. त्या दिवशी दगडावर कुणी नव्हतं.

मी वाट बघितली. एक लाट गेली, दुसरी गेली. मला वाटलं आता, म्हणून मारायला सांगितलं, आणि समोर भिंतच उभी राहिली. होडीचं नाक वर गेलं. पाणी आत आलं. नर्स आईच्या अंगावर आडवी पडून चटई धरून राहिली. पाळकांचं वल्हं खडकाला लागून मोडलं. आम्ही मागे ढकलले गेलो, आणि होडी आडवी व्हायला लागली. अगदी तशीच.

तेव्हा मागून ओरडणं ऐकू आलं, "थांबव! थांबव, उआले! अजून एक आहे!"

मी सुकाणूचं वल्हं पाण्यात रोवून होडी सरळ धरली. एक मोठी आली, आमच्या खालून गेली.

"आता! मारा! मारा! मारा!"

आम्ही मारलं. सेपोला रडत होती आणि मारत होती. एकदम पाणी काळंनिळं झालं, म्हणजे आम्ही बाहेर होतो. मागे वळून बघितलं. दगडावर लालोनिउ उभा होता. कमरेपर्यंत भिजलेला, दोन्ही हात वर.

आईला बोटीवर चढवलं तेव्हा तिने विचारलं, "कोण ओरडत होतं?" मी सांगितलं. बोट हलेपर्यंत ती किनाऱ्याकडे बघत राहिली.

परत आलो तेव्हा किनारा रिकामा होता. लालोनिउलाही सभेने दंड केला आहे, एक डुक्कर. त्याने ते स्वतः आणून मानेआपापुढे कापलं, आणि नियमाप्रमाणे त्याचाही वाटा होता म्हणून बसून खाल्लं. सेपोलाचा नवरा सांगत होता, त्याने तीनदा वाढून घेतलं.

बाबा

१८ मे

पेनिएली,

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदा घरच्या नावावर आलं, आणि आलं ते असं.

तू लिहिलंस, "बाबा, तुम्ही मला मंत्री समजलात. मुलगा समजला नाहीत. एक शब्द टाकला असता तर आईचा पाय राहिला असता." मी ते वाक्य पुष्कळदा वाचलं. डॉक्टर म्हणतात, पंधरवडाभर आधी आणलं असतं तर अंगठ्यावर भागलं असतं. ते गुडघ्याखाली कापून मोकळे झाले. मी त्यावर काय लिहू? तुला कळवलं असतं आणि तू मत फिरवलं असतंस, तर तू आज मला दुसरं पत्र लिहिलं असतंस. कदाचित लिहिलंच नसतंस. मला दोन्हींतलं एक निवडायचं होतं आणि मी जे निवडलं त्याची किंमत तिने दिली. तू रागाव. मी ऐकून घेईन. पण समोर येऊन रागाव.

सरकार पडलं ते रेडिओवर ऐकलं. तुझ्या मताने नाही, दुसऱ्याच बेटाच्या माणसाच्या मताने. त्याला अर्थखातं मिळालं म्हणे. सामासोनी आता तुझ्या खुर्चीवर आहे. इथं तीन दिवस नाच चालला होता. चौथ्या दिवशी नव्या पंतप्रधानांचं भाषण लागलं. सगळे मानेआपात कान लावून बसले होते. त्यांनी वाटांची नावं घेतली. पहिलं नाव त्या अर्थमंत्र्याच्या बेटाचं होतं. आपलं नाव पाचवं होतं.

सामासोनीचा भाऊ म्हणाला, रेडिओ नीट लागला नसेल.

परवा सकाळी मी जाळं दुरुस्त करत बसलो होतो. आलिकी फाकावाए आले. मनाई अजून उठलेली नाही, सभा बोलवल्याशिवाय ती उठत नाही, आणि सभा बोलवायची तर कुणीतरी आधी तोंड उघडायला हवं. म्हणून ते आमच्या अंगणाच्या बाहेर, वाळूत, माझ्याकडे पाठ करून बसले. समुद्राकडे तोंड. मग समुद्रालाच विचारल्यासारखं म्हणाले, "तुझी लितिया कशी आहे म्हणे?"

मी जाळ्याला म्हटलं, "एक पाय फुनाफुटीला ठेवून येतेय. दुसरा सांभाळा म्हणाली."

त्यांचे खांदे हलले. हसले असावेत, किंवा काय ते पाठीवरून कळलं नाही.

"कधी येतेय?"

"पुढच्या बोटीने. पेनिएली घेऊन येतोय."

"पाळक पुन्हा वल्हं मारणार?"

"दुसरं कोण आहे?"

मग म्हणाले, "पाचवं. मी त्यांच्या बोलण्याला शब्द समजलो, उआले. सगळ्या बेटाला सांगितलं." मी जाळ्याची पुढची गाठ मारली. उठताना त्यांना कष्ट पडले, गुडघे गेलेत त्यांचे. मी हात द्यायला उठलो, पण मनाई होती, म्हणून उभाच राहिलो. जाता जाता म्हणाले, "तुझा खांदा आता सुकाणूच्या लायकीचा राहिलेला नाही. त्या दिवशी मी बघत होतो. पहिल्या लाटेला तू घाई केलीस."

"केली," मी म्हटलं.

"सुकाणू मी धरेन. सभेचं सभा बघेल."

संध्याकाळी सेपोलाने सांगितलं, बेटाच्या होडीच्या फटी भरायला घेतल्या आहेत. कोण बुजवतंय ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सामासोनीचा भाऊ अजून आमच्या घरावरून जाताना थुंकतो, तेव्हा सगळं निवळलं असं समजून येऊ नकोस. तुला कुणी हार घालणार नाही. काही जण पाठ फिरवतील. लालोनिउकडे मात्र आधी जा, घरी येण्याआधी. काय बोलायचं ते मला विचारू नकोस.

आणि बोटीवरून उतरताना आईला स्वतः उचल, खलाशांच्या हाती देऊ नकोस. तिला होडीत मधे बसव, तू पुढच्या वल्ह्यावर बस. आलिकी "मारा" म्हणेपर्यंत वल्हं उचलू नकोस, आणि म्हणाले की मागे वळून बघू नकोस.

बाबा